स्टार्व्ड

मी इंग्लंडच्या दक्षिणेत, केंटमध्ये, मुलांना इंग्रजी शिकवते. शब्दांची कुळं काढणं हा माझा आवडता उद्योग. 'नाइस' म्हणजे एके काळी मूर्ख, असं सांगितलं की वर्ग खिदळतो आणि मी मिरवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

माझी आई, आयरीन, उत्तरेत, यॉर्कशरमधल्या एका गिरणीच्या गावात एकटी राहायची. अठराव्या वर्षी मी ते गाव सोडलं आणि तिथली बोलीही सोडली. कॉलेजात मुली माझ्या बोलण्याला हसल्या, पुढे नवरा क्लाइव्ह हसला, मग मीही हसायला लागले. जीभ इतकी घासूनपुसून घेतली की आई फोनवर विचारायची, कोण बाई बोलताय, बँकेतून का?

जानेवारीतल्या एका सोमवारी संध्याकाळी नेहमीसारखा फोन केला. तिचा आवाज बारीक वाटला. काय होतंय म्हणून विचारलं.

"काही नाही ग पोरी. नुसती स्टार्व्ड झालेय."

म्हणजे भुकेनं जीव चाललाय. मग खा ना काहीतरी, मी म्हटलं, एकटीसाठी रांधायचा कंटाळा करतेस तू. ती म्हणाली, हो, गरम काही पोटात गेलं तर बरं वाटेल. मी बसल्या जागी मागवून टाकलं: सूप, मटणाचा तयार रस्सा, आल्याचा केक. मंगळवारी ते पोचलं. रस्सा छान होता, संध्याकाळी ती म्हणाली, पण अजून स्टार्व्डच आहे बघ. बुधवारी पुन्हा तेच. आईला भस्म्या झालाय, असं मी क्लाइव्हला सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

गुरुवारी तिनं फोन उचलला नाही. लवकर झोपली असेल, असं मी समजले.

शेजारची थेल्मामावशी नाताळापासून मुलाकडे गेली होती. ती शुक्रवारी सकाळी परतली आणि तिच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. आई खुर्चीत होती. अंगात कोट, त्यावर दुसरा कोट. घर तापवणारा बॉयलर विझला होता. खाली वाकून एक बटण दाबायचं, एवढंच काम, पण तिचे गुडघे वाकत नव्हते.

दुपारी मी पोचले. फ्रीजमध्ये आल्याचा केक तसाच होता. मी तिच्या खोलीत उभी राहिले, किती वेळ कोण जाणे. थेल्मामावशीनं येऊन माझा हात धरला.

"चल माझ्याकडे. इथं स्टार्व्ड होशील."

तेव्हा मला आठवलं. आमच्या गावात भुकेला भूकच म्हणतात. स्टार्व्ड म्हणजे थंडीनं काकडलेला. शाळेतून ओल्या मोज्यांनी आले की आई हाच शब्द म्हणत मला विस्तवापाशी ओढायची. आणि मला त्याचं कूळही ठाऊक होतं. मुळात त्याचा अर्थ नुसता मरणं. पुढे दक्षिणेनं त्यात भूक ठेवली, उत्तरेनं थंडी. हे मी वर्गात शिकवलंय, फळ्यावर लिहून.

मावशीनं मला तिच्या स्वयंपाकघरात बसवलं, चहा पुढे ठेवला.

"मला एका शब्दानं कळवलं नाही ग तिनं. तुला तरी काही बोलली होती?"

"नाही," मी म्हटलं.

"अशीच होती आयरीन. मरेल, पण तोंडातून काढायची नाही."

दफनाच्या दिवशी गावभर हेच चाललं होतं. फार मानी बाई. हट्टी. लेकीला एक फोन करायला काय झालं होतं? पाद्रीबाबांनीही तिच्या अबोल सोसण्याबद्दल चार शब्द सांगितले. मी पहिल्या रांगेत मूग गिळून बसले होते. येणारा जाणारा माझा खांदा थोपटत होता, तुझा काय दोष, म्हणत होता, आणि मी प्रत्येकाला मान डोलावत होते.

आईनं सांगितलं होतं. तीनदा सांगितलं होतं.