काचेवर फक्त श्वास

डल्सीने तोंडावरचे फडके खाली ओढले, उघड्या काचेवर ओणवी झाली आणि हलकेच श्वास सोडला.

काच गार होती. वाफ तिच्यावर राखेसारखी पसरली. कुठे ठिपका नाही, कुठे ओघळ नाही. डल्सीने अर्धे पाऊल सरकून पुन्हा श्वास सोडला, मग पुन्हा. दुर्बिणीचा तो आरसा एवढा मोठा होता की तिघांनी हातात हात धरले तर कुठे त्याला वेढा पडावा. जुना मुलामा काल औषधाने उतरवला होता. आता नुसती काच उरली होती, मधोमध खोलगट, मोठ्या परातीसारखी. जिथे मळ असेल तिथे वाफ फुटते, ठिपक्याठिपक्याने बसते. म्हणून नवा मुलामा चढवण्याआधी ही तपासणी करायची. टेकडीवरच्या या वेधशाळेचा नियमच होता, उघड्या काचेजवळ बोलायचे नाही, तिला हात लावायचा नाही, तिच्यावर ठेवायचा तो फक्त श्वास.

पूर्वेकडच्या कडेशी येऊन ती थांबली. पलीकडे मुकादम स्पायरो उभा होता. त्याने मान वळवली आणि घुमटाच्या फटीतून दिसणाऱ्या झाडांकडे पाहत राहिला. बाहेर मॅगपाय पक्षी गळा फुगवून ओरडत होते.

डल्सीने श्वास सोडला.

वाफेत हात उमटला. डावा हात. तळवा कडेशी, बोटे आरशाच्या मध्याकडे, आणि करंगळी अर्धीच. तिच्या नवऱ्याची, क्लेमची, करंगळी तरुणपणी लोकर कातरण्याच्या यंत्रात गेली होती.

एवढ्यावर भागले असते तर गोष्ट वेगळी. पण भोवतालची वाफ अजून टिकून असताना हाताच्या आतली वाफ आधी उडू लागली. जणू तेवढीच काच कोमट होती.

डल्सीने फडके वर ओढले आणि मागे सरली. दोघे मुकाट्याने बाहेर ओसरीवर आले. तिथे बोलायला मोकळीक होती.

"आहे?" स्पायरोने विचारले.

"आहे."

"आम्लाने दोनदा धुतलाय."

"ठाऊक आहे मला. धुणारी मीच होते ना?"

स्पायरोने डब्यातून खोबरे लावलेला केकचा तुकडा काढून तिच्यापुढे धरला. तिने नको म्हटले. त्याने तो स्वतः खाल्ला, खोबऱ्याचा कीस मिशीत तसाच.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशीही मुलाम्याचेच काम होते. दुपारी काम आटोपून क्लेम आपला ट्रक घेऊन एकटाच खाली गावाकडे निघाला. संध्याकाळी ट्रक वळणाच्या आत, रस्त्याच्या कडेला नीट उभा सापडला. इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला, आणि क्लेम स्टिअरिंगमागे बसलेला, डोळे उघडे. डॉक्टर म्हणाला, छातीचं दुखणं सकाळपासूनच असणार. डल्सीने सांगितले, छे, सकाळी तो ठणठणीत होता, मला टोमणे मारत होता.

पुढे वर्षभराने मुलामा सुटला. सगळा नाही, एका जागी पापुद्रा उचलला, पंजाएवढा. तो उतरवून काचेवर श्वास सोडला तेव्हा हा हात पहिल्यांदा दिसला. तीस वर्षांत ज्याने उघड्या काचेला नख लावले नव्हते, त्याने तिच्यावर अख्खा हात टेकला होता, सगळा भार देऊन. त्या वेळी डल्सी पाठमोरी होती. किटलीत पाणी भरत होती. त्यानेही तिला हाक मारली नाही. कशी मारणार? काच उघडी होती, आणि उघड्या काचेजवळ बोलायचे नाही.

त्यानंतर दोनदा मुलामा चढवला, आणि दोन्ही वेळा तेवढ्याच जागी सुटला. आता वरिष्ठांचा निरोप आला होता. या खेपेला टिकला नाही, तर आरसा लाकडी खोक्यात घालायचा आणि घुमटाला कुलूप.

"डल्सी," स्पायरो म्हणाला, आणि जरा थांबला. "मागच्या खेपेला मी पंपाकडून परत आलो, तेव्हा मुलाम्याच्या टाकीतला जांभळा उजेड विझलेला होता. वेळेच्या आधीच."

डल्सीने गळ्यातल्या फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"त्याच्या आधीच्या खेपेलाही."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"काय बोलायचं, बाई? माझी आगाथा गेली, तेव्हा तिची उशी मी वर्षभर धुवायला टाकली नव्हती." त्याने मिशी पुसली. "पण उशीला कुणी कुलूप लावत नाही. आज बटण तुझ्याच हाताखाली राहील. मी पंपाशी असेन, मधे येणार नाही. काय ते तू ठरव."

आरसा पोलादी टाकीत गेला. झाकण बसले. पंप हवा ओढू लागले आणि त्यांची घरघर पायाखालच्या फरशीतून वर चढली. दुपारपर्यंत टाकीत हवा नावालाच उरली. मग डल्सीने वीज सोडली आणि टाकीच्या जाड काचेच्या डोळ्याला डोळा लावला.

आत जांभळा उजेड पेटला. तो ज्योतीसारखा हलत नाही, धुक्यासारखा भरून राहतो. दिसायला मऊ, पण काचेच्या अंगावरचा शेवटचा कण तो खरवडून काढतो. पाणी हरते, आम्ल हरते, तिथे हा उजेड पोचतो. नंतर ॲल्युमिनियमची वाफ येऊन बसली की ती काचेला चामडीसारखी घट्ट धरते. पण उजेडाला त्याचा पुरा वेळ द्यावा लागतो. दोन खेपा डल्सीने तो दिला नव्हता.

तिचा अंगठा बटणावर होता.

पूर्वेकडच्या कडेशी उजेड इतर ठिकाणांपेक्षा किंचित उंच दिसत होता, अंथरुणाखाली कुणी कूस बदलावी आणि पांघरूण उचलले जावे तसा. तिने डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. होता तो तसाच. मग त्या उंचवट्याला बोटे फुटल्यासारखी वाटली. ती आधी मध्याकडे होती. आता बाहेरच्या बाजूला वळत होती, तिच्याकडे.

मागे वळून हाक मारावी असे तिला वाटले. पंपांच्या आवाजात स्पायरोला ऐकू गेले नसते. बटण दाबले की उजेड विझेल. हात राहील, आणि मुलामा पुन्हा सुटेल, एवढे तिला पक्के ठाऊक होते.

"मी पाठमोरी होते," ती टाकीच्या थंड पोलादाला तोंड लावून म्हणाली. "मला दिसलं नाही रे, क्लेम."

तिने अंगठा बटणावरून उचलला आणि मुठीत दाबून धरला. उजेड जळत राहिला. हळूहळू तो उंचवटा बसला आणि सगळीकडे एकसारखा जांभळा रंग झाला, शांत, सपाट. पुरा वेळ झाला तशी घंटा वाजली. मग तारा तापल्या, ॲल्युमिनियम वितळून उडाले, आणि डोळ्यातून पाहता पाहता काच गेली आणि तिच्या जागी लख्ख चकाकी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडले. स्पायरोने पूर्वेकडच्या कडेला, नेमक्या त्याच जागी चिकटपट्टी लावली, बोटाने दाबली आणि एका दमात ओढून काढली. पट्टी उजेडात धरली. तिच्यावर एक कणही नव्हता. त्याने ती डल्सीला दाखवली, मग घडी करून खिशात ठेवली आणि पहिल्यांदाच मोठ्याने श्वास घेतला.

"चल, आता वर जा," तो म्हणाला. "दोन खेपा तू गेली नाहीस. आरसा रुसलाय."

ही क्लेमनेच पाडलेली प्रथा होती. खोलगट आरसा गाडीवर आकाशाकडे तोंड करून ठेवायचा आणि घुमटातल्या लोखंडी पुलावर चढायचे. पुलावर एक जागा अशी होती की तिथून हात खाली केला, की आरशातून एक हात वर येई आणि मधल्या हवेत बोटाला बोट भिडे. आपलाच हात, पण उलटा, उजवा असेल तर डावा होऊन. नवा मुलामा नीट बसला, की प्रत्येकाने वर जाऊन आरशाशी हात मिळवायचा. नवी पोरे घाबरत आणि क्लेम खालून हसे. हात मोजून घ्या रे, म्हणे, द्याल एक आणि घेऊन याल दुसराच.

डल्सी शिडी चढली. गुडघे कुरकुरले. पुलाच्या कठड्यावर ती पोटावर टेकली आणि हातमोजा काढलेला उजवा हात खाली सोडला.

खालून डावा हात वर आला. इतका लख्ख, की नखातली रेघ दिसावी. तिने आपली करंगळी मुडपून तळव्यात घेतली. समोरची करंगळीही आखूड झाली. तिच्या ओठांच्या कडा हलल्या. असा हात तिने तीस वर्षे हातात धरला होता, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, दवाखान्याच्या बाकावर. ती बोटे आणखी खाली नेत गेली, शेंड्याला शेंडा भिडेपर्यंत. तिथे नुसती हवा असते, हे तिला ठाऊक होते. तिथे काही लागत नाही.

थोड्या वेळाने तिने करंगळी सरळ केली.

खाली स्पायरोने कपात चहा ओतल्याचा आवाज आला. बाहेर मॅगपाय गप्प होते.

"ए म्हातारे," त्याने वर न पाहताच हाक दिली. "हात मिळवून झाला असेल तर उतर. चहा निवतोय."

डल्सी कठड्यावर तशीच ओणवी होती. हात खाली, पाचही बोटे ताठ; समोरची करंगळी मात्र अजून आखूडच. आरशाकडे पाहत ती अगदी हलक्या आवाजात बोलली, जणू काच अजून उघडीच होती.

"येते. त्याने सोडला की येते."