बारकीचा होकार

पादरी व्हिटलॉकसाहेबांनी अर्धं जग पालथं घातलं होतं. इराणच्या वाळवंटावर त्यांचं पुस्तक होतं, सिनाईच्या डोंगरावर होतं, आणि आमच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज किल्ल्यांचा इतिहास तर चार खंडांत होता. एवढा हिंडलेला माणूस तलासरीला येऊन स्थिरावला तो एकाच कारणाने, आणि ते कारण इतिहास नव्हतं. ते त्यांच्या खानसाम्याच्या, रघ्याच्या हातचं बोंबलाचं कालवण होतं.

ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. मी वसुमती, तिथल्या शाळेत शिक्षिका. साहेबांचं मराठी जुन्या धर्मपुस्तकांतून आलेलं. ते ‘हे मनुष्या, जल आण’ म्हणाले की आदिवासी पाड्यावरची माणसं मागे वळून बघायची, हा कोणाला बोलावतोय म्हणून. त्यामुळे पाड्यावर जायचं झालं की साहेब दुभाषी म्हणून मला बरोबर घेत; माझ्याशी ते इंग्रजीतच बोलत. शाळेचे पेपर तपासायचे राहिले तर राहिले.

त्या वर्षी होळीनंतर मुंबईहून निरोप आला. बिशपसाहेब आणि त्यांच्या मॅडम येणार, बंगल्यावर मुक्काम करणार. साहेब खूष झाले. मॅडमना नोकरमाणसांची चौकशी करायची सवय होती, म्हणून तयारीत असावं या हिशोबाने त्यांनी रघ्याला विचारलं, ‘तुझ्या विवाहास किती वर्षे झाली?’

रघ्या कालवण ढवळत म्हणाला, “लगीन कुठं झालंय अजून?” शेजारी त्याची तानी मासे साफ करत होती आणि दोघांची तीन पोरं ओट्याखाली खेळत होती.

साहेब तसेच शाळेत आले. “बाई, या दोघांना काढावं लागेल, नाहीतर बिशप मला काढतील.” त्यांचे डोळे भरून आले होते. ते तानीच्या पोरांसाठी की कालवणासाठी, हे मी विचारलं नाही.

मी त्यांना समजावलं. पाड्यावर दोघं एकत्र राहू लागली की संसार झाला, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. लग्नाचा सोहळा मागाहून, तांदूळ, ताडी आणि सवड एकदम जमेल तेव्हा. साहेब म्हणाले, “मग जमवू या. तांदूळ माझे.”

रघ्या तयार, तानी तयार. फक्त रघ्याने डोकं खाजवलं. “पण बापाच्या आधी माझं कसं करायचं?”

त्याचा बाप बारक्या, तोही बिनलग्नाचा. बारक्याची काही हरकत नव्हती, पण त्याच्या बापाचं आधी व्हायला हवं होतं. बाप म्हणजे म्हातारा झिपरू. साहेबांना मागच्या मागच्या पिढ्यांत शिरायची सवय होती, पण ती किल्ल्यांच्या बाबतीत. “आणि झिपरूचे वडील?” त्यांनी भीत भीत विचारलं. ते कधीच वारले होते. साहेबांनी देवाचे आभार मानले, आणि आपण कशाबद्दल आभार मानतोय हे लक्षात येताच घाईघाईने त्याची माफीही मागितली.

पाड्यावर गाठल्यावर झिपरू म्हणाला, “मी कवाचा तयार हाय. तिला विचार.”

ती म्हणजे बारकी, त्याची जन्माची सोबतीण आणि बारक्याची आई. ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. आम्ही येण्याचं कारण सांगितलं तेव्हा तिने मानही वर केली नाही. “बघते अजून.”

“आता काय बघायचंय आजी?” मी म्हटलं. “पणतवंडं झाली तुम्हाला.”

“माणूस पुढं कसा निघंल, काय सांगता येतं?”

साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि झिपरूच्या गुणांवर प्रवचन सुरू केलं. मी मराठीत सांगत गेले. झिपरू कष्टाळू आहे. “ताडावर चढायचं असंल तर,” बारकी म्हणाली. झिपरू मायाळू आहे. “बैलांवर.” झिपरू शांत आहे. “झोपला की.” झिपरू कुडाच्या आड बसून ऐकत होता, आणि प्रत्येक उत्तराला त्याची मान हलत होती.

मग बारकीने पहिल्यांदा साहेबांकडे नीट पाहिलं. “तुला लगनाचं एवढं कवतिक, तर तुझी बायको कुठं हाय?”

मी हा प्रश्न खाऊन टाकणार होते, पण तो त्यांना कळला होता. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली आणि हळू आवाजात इंग्रजीत सांगू लागले. ईडिथ नावाची एक होती. इतिहासाचा पहिला खंड पुरा झाला की तिला विचारायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मग दुसऱ्याचं काम निघालं. चौथा छापून आला तेव्हा ते प्रत घेऊन तिच्या दारी गेले. दार तिच्या नवऱ्याने उघडलं.

“सभ्य गृहस्थ होता,” साहेब म्हणाले. “पुस्तक ठेवून घेतलं त्याने.”

मी एरवी हसले असते. पण टोपीची कड चाचपणारी ती बोटं बघून मला फार वाईट वाटलं, आणि मी ते एकही शब्द न गाळता बारकीला सांगितलं.

बारकीने ओंजळभर फुलं पसरली. “तवापासून असाच हिंडतोस?”

“होय,” साहेब म्हणाले.

तिने कुडाकडे बघितलं. “हा पण लय हिंडतो. पण सांजचा घरी येतो.” मग पदराला हात पुसत ती उठली. “घाला मांडव.”

एका मांडवात आजा, बाप आणि नातू, तिघांचीही लग्नं लागली. बिशपसाहेब डहाणू स्टेशनवरून थेट तिथेच पोचले. मॅडमनी झिपरूकडे बोट दाखवून विचारलं, हे कुठल्या नवऱ्याचे आजोबा. मी सांगितलं, हेच थोरले नवरदेव. त्यानंतर त्यांनी कसलीही चौकशी केली नाही.

जेवणं उरकल्यावर हळदीने माखलेली बारकी साहेबांपाशी आली. “उद्यापासून सांजचा इथंच जेवायला येत जा. एकटा बसून काय लिवतोस?”

तलासरीवरचा पाचवा खंड तेव्हा अर्धा झाला होता. विलायतेहून छापणाऱ्यांचे तगादे येत राहिले, पण दिवस कलला की साहेब लेखणी ठेवायचे आणि पाड्याची वाट धरायचे. तो खंड काही पुरा झाला नाही.