बेमुर्वतचं कार्ड

शब्दकोशाच्या कार्यालयात 'ब' अक्षर एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. त्यातला 'बेमुर्वत' माझा लाडका. आता तो फारसं कुणी वापरत नाही, पण त्याचा सर्वांत जुना लेखी दाखला मी शोधलेला. संपादक पाहुण्यांना कपाटं दाखवताना हमखास त्या दाखल्याचं कार्ड काढायचे.

मग सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या नव्या मुलीने जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यातून माझ्या दाखल्याहून ऐंशी वर्षं जुना दाखला काढला. बाईंना एकोणीस वर्षांत दिसलं नाही ते पोरीने सहा महिन्यांत पाहिलं, असं संपादक सगळ्यांदेखत म्हणाले. हसत म्हणाले, पण माझ्या पोटात दुखायचं ते दुखलंच. खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून तिचं सुबक अक्षर, तिचं हसणं, तिचा जेवणाचा डबासुद्धा मला खुपायला लागला.

तिने कार्ड तपासायला माझ्या टेबलावर ठेवलं. मी फक्त साल पाहिलं, आणि ती पाणी प्यायला गेल्यावर ते 'ढ'च्या खणात सरकवून दिलं. चुकीच्या खणात गेलेलं कार्ड आमच्याकडे कुणाच्या बापाला सापडत नाही.

ती तीन दिवस शोधत होती. मीही साळसूदपणे दोनदा तिच्याबरोबर खण उपसले. चौथ्या दिवशी संपादक नोंद पक्की करायला बसले. मी माझं जुनं कार्ड पुढे केलं, तेवढ्यात नवीने शेजारी दुसरं ठेवलं.

"प्रत आहे माझ्याकडे. ताई, तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना, प्रत्येक दाखल्याची दोन कार्डं करायची म्हणून."

सांगितलं होतं खरं. नव्या माणसाला मी पहिलं तेच सांगते.

शब्दाचं अक्षर ज्याच्याकडे, त्याने दाखला मोठ्याने वाचायचा, हा आमचा रिवाज. मी चष्मा लावला. कुणा बाईने थोरल्या जावेला लिहिलेलं पत्र होतं: 'आपण वडील, सर्व जाणता, आणि मजशीच बेमुर्वत वागता, हे कोणास सांगावे?'

ती ओळ मी मनाशी पुन्हा एकदा वाचली. संपादकांच्या काही लक्षात आलं नाही. अर्थ काय द्यायचा, असं त्यांनी विचारलं. माझ्या कार्डावर इतकी वर्षं नुसतं 'उद्धट' होतं.

"समोरच्याचा मान कळत असूनही तो न राखणारा," मी म्हणाले.

नवीने ते जसंच्या तसं उतरवलं. खाली, अर्थ कुणी दिला त्या जागी, तिने सुबक अक्षरात माझं नाव लिहिलं.