किनाऱ्याचा दगड

आता डोकं आपटायचं तरी कुठे? थोरलीने चार वर्षं जिवापाड जपलेला दगड तिच्या बाबांनी एका दुपारीत घासूनपुसून आरशासारखा करून ठेवला होता.

"बघ, तोंड दिसतंय की नाही!" ग्राइंडरची वायर गुंडाळत बाबा म्हणाले. जन्म गेला त्यांचा फरश्या पॉलिश करण्यात. काम सुटलं तरी हात शिवशिवायचे थांबले नव्हते.

"बाबा, यावरच्या लहरी कुठे गेल्या?"

"काढल्या. केवढा खडबडीत होता! उद्या परीक्षक येणार, त्यांच्यापुढे असलं ध्यान ठेवणार होतीस?"

थोरली मटकन खाली बसली. अहो, ते ध्यान म्हणजेच तर तिचा प्रबंध होता! कोट्यवधी वर्षांपूर्वी ओल्या वाळूवर उमटलेल्या आणि वाळूबरोबरच दगड झालेल्या लहरी. दोन्ही अंगांना सारखाच उतार. म्हणजे पाणी पुढे-मागे झुलत होतं, म्हणजे तिथे समुद्राचा किनारा होता. लहरी स्पष्ट दिसायच्या त्या याच एका दगडावर, आणि त्यावर तिने अख्खा प्रबंध रचला होता. मार्गदर्शक सर तीनदा म्हणाले होते, दगड काप आणि आतले थर बघ. तिला धीर झाला नव्हता. आता उद्या टेबलावर काय ठेवायचं, कपाळ?

"आई, तू घरातच होतीस ना? अडवायचं नाही का?"

"म्हटलं मी, विचारून घ्या म्हणून," आई आतून म्हणाली. "माझं या घरात ऐकतंय कोण!"

"एक फोन करायला काय झालं होतं बाबा तुम्हाला? एक फोन!" थोरलीचा आवाज चांगलाच चढला.

बाबांचा चेहरा पडला. "बाजूपण घासलीये," ते चाचरत म्हणाले. "तिथे नक्षी छान निघाली, म्हणून..."

नक्षी म्हणे! तणतणतच तिने दगड उचलला, खिडकीपाशी नेला आणि घासलेली बाजू उजेडात धरली.

तिथे खालच्या थरांतल्या एकेका लहरीच्या पोटातल्या बारीक तिरप्या रेषा दिसत होत्या. सगळ्या एकाच दिशेला कललेल्या, उलटी एकही नाही. एकाच दिशेने वाहणाऱ्या पाण्याने वाळू लोटत नेऊन लहरीच्या पुढच्या उतारावर टाकली होती, पुन्हा पुन्हा, त्याच बाजूला. वरच्या लहरींचे माथे तेव्हाच नुसते झिजून दोन्हीकडून सारखे झाले होते. त्या खडकात शिंपल्याचा एक तुकडा का सापडत नाही, हा प्रश्नही तिने चार वर्षं झटकून टाकला होता. समुद्र नव्हताच तिथे. नदी होती.

"फार बिघडलं का गं?" बाबांनी विचारलं.

तिला स्वतःचाच संताप आला. दगड हातात, घरात ग्राइंडर, आणि बाईसाहेब वरूनच बघत बसल्या होत्या! चार वर्षं!

तिने सरांना फोन लावला. "सर, उद्याची परीक्षा पुढे ढकला. किनारा चुकलाय माझा. नदी आहे ती... हो, आतले थर बघितले. मी नाही, बाबांनी काढून दिले."

सर काय म्हणाले ते बाबांना ऐकू आलं नाही. फोन ठेवून थोरली पलंगाखाली शिरली आणि त्याच खडकाचे उरलेले सात दगड एकेक करत बाहेर ओढू लागली. पहिला तिने बाबांपुढे ठेवला. बाबांनी हात मागे घेतले.

"नको गं बाई. परत ओरडशील."

"ओरडेनच," ती डोळे पुसत म्हणाली. "वरून घासलात तर. बाजूने घासा."