सरकवलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. एकेकाळी दोनशे हात लांब होतो. आता तीन तुकडे आणि दोन गाठी एवढाच उरलो आहे, म्हणून माझी गोष्टही तुटक आहे. सांभाळून घ्या.

पहिला तुकडा

ओहायो नदीवर कोळसा वाहणारे पडाव, म्हणजे मोठ्या सपाट नावा, काठाला बांधून ठेवायचं काम मी नऊ वर्षं केलं. मग नवा दोर आला आणि मला चिखलात टाकून दिलं. तिथून मला ओबेड टर्नलीने उचललं. तो मार्लो फेरी गावच्या चिनी मातीच्या कारखान्यात भट्टी लावायचा.

तिथल्याच भट्टीवाल्यांनी फुटबॉलचा संघ काढला होता. लांबट चेंडू बगलेत मारायचा आणि अंगावर येणाऱ्यांना ढकलत समोरची रेषा गाठायची, असा तो खेळ. खेळाडूंना मोबदला मिळे. फार नाही, पण गावाला अभिमान केवढा!

मैदानाला कठडा नव्हता. खुंट्यांना बांधलेला मी, हीच एका बाजूची हद्द. लोक माझ्यावर रेलत आणि मैदान अरुंद होत जाई. मग ओबेड पाठ लावून सगळ्यांना मागे रेटायचा.

“ओबेडकाका, पाठ आहे का भट्टीचं दार?”

“दार असतं तर तुला आत घालून लावून घेतलं असतं. हो मागे!”

गर्दीत पंचाला कडेचं काही दिसत नसे. खेळाडू हद्दीबाहेर गेला की नाही, हे दोर सांभाळणाऱ्याने सांगायचं आणि दोन्ही संघांनी ऐकायचं, असा रिवाज होता. ओबेडच्या शब्दावर कधी कुणी वाद घातला नाही.

गाठ

इथला भाग उंदरांनी खाल्ला. तीन-चार वर्षं त्यात गेली. आम्ही पुष्कळदा जिंकलो एवढं आठवतं. कुणाशी, ते नाही.

दुसरा तुकडा

मोठ्या शहरांचे संघ मिळून नवी स्पर्धा भरवणार होते. नोव्हेंबरच्या त्या रविवारी नदीपलीकडचा संघ आमच्याकडे आला. जिंकेल त्याला स्पर्धेत जागा. हरेल त्याला पुढे कुणी विचारणार नव्हतं.

आम्ही दोन गुणांनी मागे होतो. खेळ संपता संपता ओबेडचा मुलगा लूथर चेंडू घेऊन माझ्या कडेने सुटला. पलीकडच्या दोघांनी त्याला माझ्याकडे दाबत आणलं. पाऊल टाकायला जागा उरली नाही.

तेव्हा आमच्या माणसांनी काय केलं? खुंट्या उपटल्या, मला पोटाशी धरलं आणि सगळे एकदम मागे सरकले. मैदान रुंद झालं. लूथर त्या फटीतून निसटला आणि रेषेपलीकडे जाऊन पडला. टोप्या उडाल्या.

पंच धापा टाकत आला. “ओबेड, दोराच्या आत होता ना?”

“आत होता.”

लोक आनंदाने ओरडू लागले.

“पण दोर जागेवर नव्हता,” ओबेड म्हणाला. “पाय खऱ्या हद्दीबाहेर पडला.”

“अरे म्हाताऱ्या, पोटचा पोरगा आहे तो तुझा!”

“म्हणून तर नीट बघत होतो.”

गाठ

इथे मला कुऱ्हाडीने तोडलं. कुणी, ते सांगत नाही. सामना आम्ही हरलो आणि संघ त्याच हिवाळ्यात मोडला.

तिसरा तुकडा

लूथर बापाशी बोलेना. दोघे एकाच भट्टीवर, दोन तोंडांना उभे. भट्टी तापायची, हे दोघे गार.

बर्फ वितळल्यावर एके दिवशी ओबेड पायरीवर बसून माझी टोकं जुळवत होता. भाजून भाजून त्याची बोटं वळत नव्हती. लूथर आला आणि शेजारी बसून त्याने दुसरं टोक धरलं.

“बाबा, पाय किती बाहेर होता?”

“वीतभर.”

“दोन वीत होता.”

ओबेडने मान वर केली. “मग तेव्हा का नाही बोललास?”

“विचारलं तुम्हाला होतं.”

आधी ओबेड हसला, मग लूथर. दोघांनी मिळून गाठ आवळली. ती अजून सुटलेली नाही.

आता मी खिळ्याला टांगलेला असतो. मित्रांनो, मला ओला ठेवू नका, कुजतो. अधूनमधून ऊन दाखवा. झोक्याला बांधा, गाईला बांधा, माझी तक्रार नाही. पण हद्द म्हणून बांधलंत, तर आपला माणूस धावत आला तरी मला सरकवू नका.