ओल्या ब्रशचं वजन

"कोरडा नको. बादलीत बुडवून द्या," काचताई म्हणाली.

दुकानदाराचा हात तसाच राहिला. "अहो, नवा माल आहे. भिजवला आणि तुम्ही घेतला नाहीत, तर मी कोणाच्या गळ्यात मारू?"

"कोरड्या ब्रशनं काम करणार आहे का मी? भिजल्यावर किती जड होतो ते कळायला हवं. आणि इथे खाली नाही, तिथे वर." तिने दुकानाच्या मागच्या भिंतीच्या टोकाकडे बोट दाखवलं.

दुकानदार पुटपुटत बादली भरून घेऊन आला. मागच्या अंगणात तीन ब्रश मांडले होते. एक हातभर रुंद, नायलॉनच्या केसांचा. दुसरा रानडुकराच्या केसांचा, दाट आणि राठ. तिसरा जेमतेम वीतभर, मधे राठ केस आणि कडेने नायलॉन. पाण्याची नळी लांब पोलमधून वर जाते, ब्रशच्या भोकांतून पाणी काचेवर पडतं. माणूस जमिनीवर आणि ब्रश चौथ्या मजल्यावर. पाण्यातले क्षार आधीच काढलेले असतात, म्हणून काच पुसायची नाही, आपली आपण वाळू द्यायची. हे सगळं दुकानदाराने तिला दोनदा समजावलं होतं आणि तिने दोन्ही वेळा मन लावून ऐकून घेतलं होतं.

तिने आधी डुकराच्या केसांचा ब्रश भिजवून पोलला लावला आणि पोल पूर्ण उंच केला. मनात आकडे मोजायला लागली. शंभरपर्यंत धरायचा असं ठरवलं होतं. चाळिसाला खांद्यातून कळ आली आणि वरचं टोक झुलायला लागलं.

"हा पाणी पितो," ती पोल खाली घेत म्हणाली. "तो रुंद द्या."

रुंद ब्रशने शंभर सहज गाठले. नायलॉनने पाणी धरलंच नव्हतं.

"मी सकाळपासून हेच सांगतोय," दुकानदार खूश झाला. "सगळे हाच नेतात."

"अहो, तुम्हीपण एकदा धरून बघा ना," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली.

नवरा उपड्या खोक्यावर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. "तूच बघ. धरायचं तुला आहे."

बावीस वर्षं ती शिडीवर चढत होती आणि तो खाली शिडी धरत होता. ती काचा पुसायची म्हणून लोक तिला काचताई म्हणत. तो शिडीच्या पायाशी एक पाय रोवून उभा राहायचा, हल म्हटलं तरी हलायचा नाही, म्हणून तो खांबराव. ही नावं थट्टेत पडली होती, पण त्याला स्वतःचं नाव आवडायचं. कोणी विचारलं, "काय करता?" तर तो सांगायचा, "बायकोला पडू देत नाही."

दोन महिन्यांपूर्वी एका कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर ती खिडकीची चौकट पुसत असताना शिडी चार बोटं सरकली. तिने खिडकीचा गज धरला आणि तशीच लटकत राहिली. ती खाली आली तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पायरी ओली होती," ती लगेच म्हणाली. त्याच्या हातांना कंप सुटायला लागला होता, हे घरात दोघांनाही ठाऊक होतं. चहाची बशी तो हल्ली घेत नसे, नुसता कप घ्यायचा, तोही अर्धा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या; कंप कमी होईल, जाणार नाही, असं सांगितलं होतं.

तिने आठवडाभरात शिडी बंद केली. दोन ठिकाणची कामं नको म्हणून कळवलं. "घरी बसायचं नाही," एवढंच ती म्हणाली. "जमिनीवरून करू."

त्याने विचारलं नाही, पण प्रश्न घरभर फिरत होता. शिडी नाही, तर खांबरावाचं काय काम?

---

हाडांच्या दवाखान्याच्या एकशे बारा खिडक्या होत्या. शेजारी वर्षभर बांधकाम चालू होतं. सिमेंटची धूळ बसून बसून काचा दुधाळ झाल्या होत्या आणि वरच्या चौकटींवर कबुतरांनी आपला संसार थाटला होता.

तिथल्या मोठ्या सिस्टर आवाजाने मऊ आणि बोलण्यात कडक होत्या. "एक भिंत करून दाखवा. जमलं, तर दर महिन्याला अख्खी इमारत तुमची. पण खरं सांगू? हात लागल्याशिवाय काच साफ होते, यावर माझा विश्वास नाही."

"बघा तर खरं," काचताई म्हणाली.

"बघणारच. माझे पेशंट महिनामहिना पाय टांगून पडलेले असतात. त्यांना बघायला खिडकीशिवाय आहे काय?"

पहिला आणि दुसरा मजला तिने दुपारपर्यंत उरकला. खालच्या काचा वाळल्या तशा लखलखल्या. तिसऱ्यापासून मात्र गाडं अडलं. ब्रश वर जायचा, पाणी सुटायचं, फेऱ्या व्हायच्या. मान मागे टाकून बघितलं, तर पाण्याची चकाकी तेवढी दिसायची. काच साफ झाली की नुसती ओली झाली, ते कळायचंच नाही.

तासाभराने चौथा मजला वाळला आणि खिडक्यांवर पांढरे फराटे उमटले. कबुतरांचे डाग जागच्या जागी होते.

मोठ्या सिस्टर अंगणात येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ वर बघत राहिल्या. "यापेक्षा आधी बरं होतं. धूळ निदान सगळीकडे सारखी होती."

"उद्याचा दिवस द्या," काचताई म्हणाली.

"उद्याच्याने काय होणार?"

"ते माझ्याकडे लागलं. उद्या नाही जमलं, तर परवा मी दिसणार नाही तुम्हाला."

सिस्टरांनी मान हलवली. होकार होता की कंटाळा, ते कळलं नाही. काचताईने होकार धरला.

परतताना रिक्षात दोघांच्या मधे आडवा पोल होता, त्याचं टोक बाहेर निघालेलं. दवाखाना मागे पडला. मग खांबराव म्हणाला, "तो ब्रश वर घसरतो. चावत नाही."

"म्हणजे?"

"मी समोरच्या पाण्याच्या टाकीपाशी उभा होतो. तिथून स्वच्छ दिसत होतं. डागावरून नुसता सुळकन् जातो. आणि तू आधी काच घासतेस, मग वरची चौकट. चौकटीची घाण परत काचेवर उतरते. तेच ते फराटे."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

तो बाहेर बघत राहिला. "तू विचारलं नाहीस. आणि मी कोण सांगणारा? मला एक शिडी धरता आली नाही." मग म्हणाला, "त्या दिवशी पायरी ओली नव्हती."

"माहितीये मला."

"मग खोटं का बोललीस?"

"तुम्ही आधीच इतके घाबरला होतात. त्यात आणखी काय घालू?" तिने पोल स्वतःकडे ओढून घेतला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, घरी नको. बाजारात घ्या, ब्रशच्या दुकानाकडे."

---

दुकानदार तिला बघून उठलाच. "वापरलेला परत घेत नाही हं, बाई."

"परत नाही द्यायचा. खालच्या मजल्यांना तो सोन्यासारखा आहे. मला वरच्यासाठी हवाय."

"मग डुकराच्या केसांचाच घ्या. घासायला त्याच्यासारखा नाही."

"तो मला चाळिसाच्या पुढे पेलत नाही. तो वीतभर काढा, मिश्र केसांचा."

दुकानदार हसला. "तो लहान आहे हो. एका काचेला दुप्पट फेऱ्या लागतील. दिवस जाईल."

"दिवस माझा आहे. खांदापण माझाच आहे."

तिने ब्रश भिजवला, पण पोलला लावला नाही. नवऱ्याच्या हातात दिला. "बघा. चावतो का."

खांबरावाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग दुकानाच्या मागच्या खिडकीकडे गेला. तिथे कित्येक वर्षांची काजळी होती. ब्रश धरलेला हात थरथरत होता. त्याने दुसऱ्या हाताने मनगट पकडलं आणि ब्रश काचेवर टेकवला. टेकल्यावर कंप थोडा बसला. तीन फेऱ्या मारल्या. वाकून काचेतून आरपार बघितलं. मग अंगठ्याने केस दाबून ते किती लवकर सरळ होतात तेही बघितलं.

"मधले केस उकरतात, कडेचे धुऊन नेतात," तो म्हणाला. "हा घे."

मग तिने तो पोलला लावला आणि वर नेला. शंभर झाले. ती थांबली नाही. दीडशेला खांदा बोलायला लागला, पण टोक झुललं नाही.

"एवढं मोजून तर लोक सोनं घेत नाहीत," दुकानदार म्हणाला.

"सोनं डोक्यावर उचलून धरायचं नसतं," काचताई म्हणाली.

---

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वरून सुरू झाली. खांबराव टाकीपाशी उभा राहिला, अंगणाच्या त्या टोकाला. आधी चौथ्या मजल्याच्या सगळ्या चौकटी. मग डागांवर नुसतं पाणी सोडून दहा मिनिटं भिजू दिलं. ही त्याचीच सूचना. मग घासायचं. त्यानंतर तिसरा मजला, तसाच.

"डावीकडून तिसरी, वरचा कोपरा!" तो तिकडून ओरडायचा. "अजून आहे. अजून. हां, सुटला! आता नुसतं पाणी."

ब्रश लहान, म्हणून फेऱ्या खरोखरच दुप्पट लागल्या. अकरा वाजेपर्यंत तिचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. दर चार खिडक्यांनंतर ती पोल भिंतीला टेकवून खांदा फिरवायची आणि पुन्हा उचलायची. एकदा तो जवळ येऊन म्हणाला, "जेवून घे आधी."

"ही रांग संपू दे."

"रांग कुठे पळून जात नाही."

"मी बसले तर उठणार नाही. जा तिकडे, उभे रहा."

तो गेला. एक वॉर्डबॉय तिथून जाताना थांबला. "काका, त्या एकट्या राबतायत आणि तुम्ही नुसतेच उभे?"

"मी बघतोय," खांबराव म्हणाला आणि त्याच्याकडे न वळता पुढे ओरडला, "उजवीकडची! खालची कड राहिली!"

दुपारी तीनला शेवटची काच धुऊन झाली. आता वाळायची वाट बघणं एवढंच उरलं होतं, आणि तेच तिला सर्वांत अवघड गेलं. बावीस वर्षं तिने एकही काच ओली सोडली नव्हती. ती ओट्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. ऊन भिंतीवर आलं. काचा एकेक करून वाळत गेल्या आणि त्यांत आभाळ दिसायला लागलं.

मोठ्या सिस्टर खाली आल्या नाहीत. चौथ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली आणि त्यांनी डोकं बाहेर काढलं. बाहेरून काचेवर बोट फिरवलं, बोट बघितलं.

"उरलेल्या तीन भिंती कधी करता?" त्यांनी वरूनच विचारलं.

"उद्यापासून," काचताई म्हणाली. तिचा आवाज वरपर्यंत पोचला नाही. खांबरावाने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं, "उद्यापासून!"

आवराआवर सुरू झाली. तिने पोलचे टप्पे एकेक करून आत सरकवले, ब्रश झटकला. अंगणभर पसरलेली लांबच लांब नळी खांबराव गुंडाळायला लागला. हात हलत होता, त्यामुळे वेटोळं नीट बसत नव्हतं. एक वेटोळं मोठं झालं. त्याने ते सोडलं आणि पुन्हा घातलं. दुसरं निसटलं. तेही पुन्हा घातलं. दवाखान्याची पाळी बदलली, माणसं त्याला वळसा घालून फाटकाकडे गेली.

काचताई पोल खांद्याला लावून उभी होती. तिच्या हाताने ते काम दोन मिनिटांचं होतं. ती जागची हलली नाही. सगळी वेटोळी एका मापाची होईपर्यंत उभी राहिली.