टायरवरची फुली

मुकुंदवाडीच्या कडुबाचे दोन ट्रक होते. स्वतः वीस वर्षं स्टेअरिंग धरल्यामुळं ड्रायव्हर लोक काय काय करतात, हे त्याला तोंडपाठ होतं. म्हणून दिवाळीत एका ट्रकला घातलेली पुढच्या टायरांची नवी जोडी संक्रांतीलाच आतल्या कडेनं गुळगुळीत झालेली दिसली, तेव्हा त्याच्या मनात एकच आलं. ड्रायव्हर सुदर्शननं नवे टायर विकले अन् कुणाचे तरी जुने चढवले.

सुदर्शन चार वर्षांपासून गाडीवर होता. कधी उलटून बोलला नाही. आता तेच कडुबाला खटकू लागलं. "चाकं सरळ चालत नाय शेठ, अलाइनमेंट करून घेऊ," असं तो दोनदा म्हणाला होता. कडुबानं हसून उडवून लावलं होतं. दुकानदाराकडून कमिशन खायच्या असल्या युक्त्या त्यानं लई बघितल्या होत्या.

दुसरी जोडी घातली तेव्हा कुणी नाही असं बघून त्यानं तापलेल्या तारेनं दोन्ही टायरच्या आतल्या अंगाला बारीक फुली डागली. मग तो मोबाइलवर गाडी कुठं आहे ते बघत बसू लागला. गंगापूरहून कापसाच्या गाठी भरून जळगावकडं निघालेली गाडी दर फेरीला हर्सूलला अर्धा तास थांबायची. चहाला एवढा वेळ लागतो व्हय?

महिनाभरानं एका दुपारी गाडी पुन्हा तिथंच थांबलेली दिसली. कडुबानं मोटारसायकल काढली.

हर्सूलला गौहरबी वडिलांच्या मागं टायरचं दुकान चालवायची. कडुबा समोरच्या पानटपरीआड उभा राहिला. ट्रकचं पुढचं एक चाक निघालेलं, टायर रिमवरून उतरवलेला, अन् सुदर्शन खिशातून काही काढून गौहरबीच्या हातात देत होता. कडुबाला राहवलं नाही.

"कितीला ठरला रे सौदा?" तो पुढं जाऊन म्हणाला.

सुदर्शन वळला. बोलली ती गौहरबीच.

"सौदा कसला, भाऊ? इकडं या. ह्यावर हात फिरवा. आतून बाहेर."

कडुबानं फिरवला. रबर मऊ लागलं.

"आता उलटा फिरवा."

करवतीच्या दात्यांसारख्या कडा तळहाताला टोचल्या.

"चाक सरळ फिरत नाय, तिरपं होऊन रस्त्यावर घासत चाललंय. कितीबी नवे टाका, असंच होणार. अजून दोन महिने असंच चाललं असतं तर आतली तार उघडी पडली असती. भरली गाडी, अजिंठ्याचा घाट अन् पुढचा टायर फुटला तर? तुम्ही तर ड्रायव्हर व्हता."

"मग हा दर फेरीला इथं काय करतो?"

"हवा बघतो. दहाच्या दहा चाकांची. मागच्या जोडचाकात आतल्या चाकाला कुणी हात लावत नाय, हा लावतो. आज म्हणला, टायर पलटून बसवा, दुसऱ्या कडेनं तरी चालंल. मजुरी बी त्याच्याच खिशातली."

तरी कडुबाचं मन मानेना. तो उकिडवा बसला अन् टायर फिरवून फिरवून बघू लागला. फुली होती. मग गाडीखाली वाकून त्यानं दुसऱ्या चाकाची बघितली. तीही होती.

तो उठला तेव्हा सुदर्शन त्या टायरपाशी वाकून डागलेल्या जागेवरून अंगठा फिरवत होता.

"ही तुमची खूण व्हय, शेठ?"

कडुबानं मान डोलावली.

"इचारायचं व्हतं. मी सांगितलं असतं."

त्याच दिवशी अलाइनमेंट झाली. पुढच्या चाकांना जोडणारा रॉड वाकलेला निघाला, तो बदलला. ती जोडी पुढं वर्ष उलटलं तरी चालली. दुसऱ्या ट्रकचीही हवा कडुबा दर आठवड्याला स्वतः बघू लागला.

सुदर्शन नोकरी सोडून गेला नाही. पण तेव्हापासून गाडी काढायच्या आधी तो दहाही चाकांचे फोटो कडुबाला पाठवतो, टायरवरचे नंबर दिसतील असे. कडुबानं एकदा सांगून बघितलं, "कशाला पाठवतो? माझा भरवसा हाय तुझ्यावर."

"असू द्या शेठ," सुदर्शन म्हणाला, "बघितलेलं बरं."

फोटो अजून येतात. कडुबा एकेक उघडतो, अन् काय लिहावं ते न सुचून फोन खिशात ठेवतो.